दूरच्या यंत्रांचा ठावठिकाणा

उमरखेड हा यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा तालुका. खालच्या अंगाला पैनगंगा वाहते, नदी ओलांडली की मराठवाडा लागतो आणि बिटरगावच्या बाजूला पैनगंगा अभयारण्याचे जंगल सुरू होते. ढाणकी, मुळावा, विडूळ, पोफाळी अशी मोठी गावे, त्यांच्या आजूबाजूची लहान गावे आणि तांडे असा हा पसारा आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत महाराष्ट्रातल्या अशा तालुक्यांमध्ये एक नवी वस्ती वाढली आहे, ती यंत्रांची. ग्रामपंचायतीत आपले सरकार सेवा केंद्राचा संगणक असतो आणि भिंतीवर ऑप्टिकल फायबरची पेटी असते. शेतातल्या सौरपंपाला स्वतःचे सिमकार्ड असते. महसूल मंडळात पाऊस, तापमान आणि वारा मोजणारे स्वयंचलित हवामान केंद्र असते. ‘महावेध’ प्रकल्पात अशी दोन हजारांहून अधिक केंद्रे राज्यभर उभी राहिली. शाळा, बँका, पतसंस्था आणि चौकांतले कॅमेरे यांची भर वेगळीच.

ही सारी यंत्रे कुठल्या ना कुठल्या जाळ्यात जोडलेली आहेत. जाळे सांभाळणारा माणूस मात्र तालुक्याच्या गावी, यवतमाळला किंवा नागपूरला बसलेला असतो. कोणते यंत्र या क्षणी चालू आहे, ते नेमके काय आहे आणि कुठून जोडले गेले आहे, हे त्याला जागेवरून कळायला हवे. प्रत्येक गावी जाऊन पाहणे शक्य नाही, आणि पावसाळ्यात तर काही रस्तेच बंद असतात. दूरची यंत्रे जाळ्याला आपोआप कशी सापडतात आणि ही व्यवस्था बसवायची तर कोणत्या क्रमाने बसवायची, ते या प्रकरणात पाहू.

वही मागे का पडते

पहिला उपाय सगळीकडे एकच असतो, तो म्हणजे यादी. गावाचे नाव, यंत्राचा प्रकार, सिरीयल नंबर, आयपी पत्ता आणि बसवल्याची तारीख असे रकाने पाडून एक एक्सेल फाइल तयार होते. ज्या दिवशी ती तयार होते, त्या दिवशी ती खरी असते. मग वीज पडून एक पेटी जळते आणि तिच्या जागी दुसरी बसते. ग्रामपंचायत नव्या इमारतीत जाते. शाळेत कोणीतरी जास्तीचा स्विच आणून जोडतो. भर पावसात खांबावर चढून लिंक सुरू करणाऱ्या तंत्रज्ञाने आपले काम चोख केलेले असते. फाइलमधली ओळ बदलणे हे त्या वेळी त्याचे काम नव्हते, आणि नंतर ते कोणाचेच राहत नाही. दोन वर्षांत यादी आणि वस्तुस्थिती यांची फारकत होते. सगळ्यांत वाईट गोष्ट अशी, की यादीतल्या कोणत्या ओळी खोट्या झाल्या आहेत, हेही कोणाला ठाऊक नसते.

म्हणून यंत्राची माहिती यंत्राकडूनच घ्यावी, या विचारातून स्वयंशोधाच्या पद्धती जन्माला आल्या. या सगळ्या पद्धती तीन प्रश्नांची उत्तरे शोधतात. तू आहेस का? तू कोण आहेस? आणि तू कोणाला जोडलेला आहेस? तिन्ही प्रश्नांची पूर्ण उत्तरे देणारी एकही पद्धत नाही, म्हणून त्या एकमेकींच्या जोडीने वापराव्या लागतात.

दवंडी आणि गावाची शीव

एकाच कार्यालयातली यंत्रे एकमेकांना सापडतात ती आरोळी देऊन. तंत्राच्या भाषेत याला ब्रॉडकास्ट म्हणतात. ‘अमुक आयपी पत्ता कोणाचा?’ अशी हाक जाळ्यातल्या सगळ्यांना एकदम जाते आणि ज्याचा पत्ता असेल तो आपला हार्डवेअर पत्ता कळवतो. एआरपी नावाची ही पद्धत डेव्हिड प्लमर यांनी १९८२ मध्ये मांडली आणि आजही प्रत्येक घरातल्या वायफायवर ती क्षणोक्षणी वापरली जाते. हा हार्डवेअर पत्ता ४८ बिटांचा असतो. त्याचा पहिला अर्धा भाग आयईईई ही संस्था उत्पादक कंपनीला नेमून देते. म्हणून नुसत्या पत्त्यावरून यंत्र कोणत्या कंपनीचे आहे, याचा अंदाज बांधता येतो. फोनच्या बाबतीत मात्र हा अंदाज आता चालत नाही. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायला जोडताना बनावट, बदलता पत्ता वापरतात.

नवे यंत्र जाळ्यात येते तेही आरोळी देतच येते. त्याच्याकडे पत्ता नसतो, म्हणून ते 0.0.0.0 या कोऱ्या पत्त्यावरून 255.255.255.255 या ‘सर्वांसाठी’ असलेल्या पत्त्यावर विचारते, ‘मला पत्ता देणारे कोणी आहे का?’ डीएचसीपी सर्व्हर ते ऐकतो आणि पत्ता देतो. छपाईयंत्र संगणकाला आपणहून सापडते, त्यामागे एमडीएनएस ही अशीच एक पद्धत असते. ॲपलने ती २००२ मध्ये बाजारात आणली आणि २०१३ मध्ये तिचे अधिकृत मानक प्रसिद्ध झाले.

या सर्व पद्धतींना एक मर्यादा आहे. गावात दवंडी पिटली तर ती शिवेपर्यंतच ऐकू जाते, तशी ही आरोळी राउटरपाशी थांबते. राउटरने ती पुढे जाऊ दिली, तर उमरखेडच्या एका संगणकाची हाक जगातल्या प्रत्येक यंत्राच्या कानावर जाईल आणि सारे जाळे हाकांनीच भरून जाईल. म्हणून ती तिथे मुद्दाम अडवलेली असते.

नवख्या माणसाची पहिली निराशा इथेच होते. तो शोधाचे सॉफ्टवेअर चालू करतो, स्वतःच्या कार्यालयातले सगळे संगणक, कॅमेरे आणि प्रिंटर पडद्यावर दिसतात, पण बिटरगावचे एकही यंत्र दिसत नाही. तिथली यंत्रे बंद आहेत असे त्याला वाटते. ती चालूच असतात, पण शिवेपलीकडे असतात.

शिवेपलीकडे जाण्याच्या चार वाटा

पहिली वाट म्हणजे दारोदार जाऊन कडी वाजवणे. आरोळी राउटर ओलांडत नसली, तरी एका विशिष्ट पत्त्यावर पाठवलेला संदेश ओलांडतो. अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेतील माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये पिंग नावाचा छोटासा प्रोग्राम लिहिला. तो एखाद्या पत्त्यावर संदेश पाठवतो आणि उत्तर परत यायला किती वेळ लागला ते सांगतो. शोध घेणारे सॉफ्टवेअर दिलेल्या पट्ट्यातल्या प्रत्येक पत्त्यावर असाच संदेश पाठवत जाते. ज्यांच्याकडून उत्तर येते, ती यंत्रे जिवंत.

इथे साधा हिशेब करायला हवा. एका लहान कार्यालयाच्या जाळ्यात २५४ पत्ते असतात. प्रत्येकासाठी एक सेकंद थांबायचे ठरवले, तर सव्वाचार मिनिटांत फेरी पूर्ण होते. पट्टा वाढवून ६५,५३४ पत्ते घेतले, तर त्याच गतीने अठरा तासांहून जास्त वेळ लागतो. 10 या आकड्याने सुरू होणारा अख्खा खासगी पट्टा घेतला, तर पत्ते १ कोटी ६७ लाखांच्या वर जातात आणि फेरीला १९४ दिवस लागतात. सॉफ्टवेअर एकाच वेळी अनेक पत्ते तपासून हा वेळ बराच कमी करते, पण पट्टा आखून घेण्याला पर्याय नाही. नव्या आयपीव्ही६ पद्धतीत तर एकेका शाखेलाच २ चा ६४ वा घात इतके पत्ते मिळतात. सेकंदाला दहा लाख पत्ते तपासले, तरी फेरी पाच लाख वर्षांत संपणार नाही. तिथे कडी वाजवत फिरणे हा मार्गच बंद होतो.

दुसरी वाट म्हणजे शेजाऱ्याला विचारणे. एलएलडीपी हे मानक आयईईईने २००५ मध्ये आणले. त्यानुसार प्रत्येक स्विच किंवा राउटर साधारण दर ३० सेकंदांनी आपल्या लगतच्या यंत्राला आपले नाव, आपला प्रकार आणि कोणत्या पोर्टमधून बोलतो आहे, हे सांगतो. हा संदेश एकाच घरापुरता असतो, कोणी तो पुढे देत नाही. पण ऐकणारा तो लिहून ठेवतो. मग आपण एसएनएमपी या १९८८ पासून चालत आलेल्या पद्धतीने पहिल्या राउटरला विचारतो, ‘तुझे शेजारी कोण?’ तो तिघांची नावे देतो. त्या तिघांना तोच प्रश्न विचारायचा. असे शेजाऱ्यावरून शेजाऱ्याकडे गेले की यंत्रांची यादी मिळते आणि जाळ्याचा नकाशाही तयार होतो. पिंगला फक्त ‘आहेस का’ विचारता येते, इथे ‘कोणाला जोडलेला’ हेही कळते.

तिसरी वाट म्हणजे यंत्राने स्वतःच फोन करणे. शेतातला सौरपंप किंवा हवामान केंद्र सिमकार्डावर चालते. मोबाइल कंपनी हजारो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवते, त्यामुळे बाहेरून त्या यंत्राच्या दारापर्यंत पोचता येत नाही. आतून बाहेर मात्र येता येते. म्हणून यंत्रात केंद्राचा पत्ता आधीच भरलेला असतो आणि चालू होताच ते केंद्राशी संपर्क साधून आपली ओळख सांगते. ब्रॉडबँडच्या घरगुती राउटरांसाठी २००४ मध्ये आलेले टीआर-०६९ हे मानक याच तत्त्वावर चालते. पीएम-कुसुम योजनेच्या सौरपंपांसाठी दूरस्थ देखरेखीची सोय तांत्रिक निकषांतच धरलेली आहे, आणि तिचीही दिशा हीच, पंपाकडून केंद्राकडे.

या वाटेवरचे एक हलके साधन म्हणजे एमक्यूटीटी. अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी १९९९ मध्ये ते तेलवाहिन्यांवरच्या, उपग्रहाने जोडलेल्या यंत्रांसाठी रचले. तुटक, महागड्या आणि कमकुवत संपर्कासाठी रचलेली ही पद्धत आज शेतातल्या यंत्रांना तितकीच उपयोगी पडते.

चौथी वाट म्हणजे शिवेपलीकडे आपला कोतवाल नेमणे. दूरच्या कार्यालयातच एक लहान संगणक ठेवायचा. तो तिथल्या तिथे आरोळी देतो, उत्तरे गोळा करतो आणि फक्त निष्कर्ष केंद्राला कळवतो. मुक्त स्रोत असलेल्या झॅबिक्स या सॉफ्टवेअरमध्ये याला प्रॉक्सी म्हणतात. डीएचसीपी रिले हे याचेच छोटे रूप आहे. गावातला राउटर तिथल्या नव्या यंत्राची पत्त्यासाठीची हाक ऐकतो आणि ती नेमक्या सर्व्हरच्या पत्त्यावर पाठवतो. हाक कोणत्या जाळ्यातून आली, हेही तो सोबत सांगतो. त्यामुळे गावात नवे यंत्र जोडताच तालुक्याला त्याची नोंद मिळते. संपर्क वारंवार तुटतो अशा ठिकाणी कोतवालाचा मोठा फायदा म्हणजे तो माहिती साठवून ठेवतो आणि लिंक आली की पाठवतो.

काचेच्या धाग्यावरचा नवा पाहुणा

आता ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या त्या पेटीकडे वळू. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडण्याची योजना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. तिलाच पुढे भारतनेट हे नाव मिळाले. अजमेर जिल्ह्यातील अराईं, त्रिपुरातील पानिसागर आणि तेव्हाच्या विशाखापट्टणम जिल्ह्यातील परवाडा या तीन तालुक्यांत तिची पहिली चाचणी झाली. या योजनेत सी-डॉट या सरकारी संशोधन संस्थेने देशातच विकसित केलेले जीपॉन तंत्र वापरले गेले. स्वयंशोधाचे याहून देखणे उदाहरण क्वचितच सापडेल.

जीपॉनची रचना अशी. तालुक्याच्या ठिकाणी ओएलटी नावाचे मुख्य यंत्र असते. त्याच्यातून निघालेला एक धागा वाटेत स्प्लिटरपाशी फुटून अनेक गावांत जातो. स्प्लिटर ही काचेचीच रचना आहे, तिला वीज लागत नाही. ज्या भागात वीज तासन्‌तास जाते, तिथे हा गुण फार मोलाचा आहे. गावात धाग्याच्या टोकाला ओएनटी नावाची पेटी बसते. ओएलटीकडून निघालेला प्रकाश सगळ्या पेट्यांपर्यंत पोचतो. उलट दिशेने मात्र सगळ्यांना एकाच धाग्यातून यायचे असते, म्हणून प्रत्येकीला बोलण्याची वेळ नेमून दिलेली असते. वेळेचा हिशेब सेकंदाच्या दशलक्षांशापेक्षाही बारीक असतो. त्या दशलक्षांशाला मायक्रोसेकंद म्हणतात.

आता एका गावात नवी पेटी चालू झाली. ओएलटीला तिचा पत्ता नाही, अंतर माहीत नाही, ती आहे हेच माहीत नाही. पेटीने आपण होऊन बोलायला सुरुवात केली, तर दुसऱ्या गावाच्या संदेशावर तिचा प्रकाश पडेल आणि दोघांचेही बोलणे वाया जाईल. म्हणून ती गप्प राहून फक्त ऐकते.

ओएलटी ठरावीक काळाने सर्व जुन्या पेट्यांना थोडा वेळ शांत राहायला लावते. ही शांतता २५० मायक्रोसेकंदांची असते. त्या अवधीत ओएलटी विचारते, ‘नवीन कोणी असेल तर सिरीयल नंबर सांगा.’ नवी पेटी आपला आठ बाइटांचा सिरीयल नंबर कळवते. त्यातली पहिली चार अक्षरे उत्पादकाची असतात.

हा २५० चा आकडा कुठून आला, हे समजून घेण्यासारखे आहे. काचेच्या धाग्यात प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे एका किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद. गावे २० किलोमीटरपर्यंत लांब धरली, तर जाऊन परत यायला २०० मायक्रोसेकंद लागतात. एकाच वेळी दोन गावांत नव्या पेट्या चालू झाल्या, तर त्यांची उत्तरे एकमेकांवर आदळू नयेत म्हणून प्रत्येक पेटी स्वतःशीच एक यादृच्छिक अवधी निवडते आणि तेवढे थांबून बोलते. हा अवधी जास्तीत जास्त ४८ मायक्रोसेकंद असतो. पेट्यांच्या प्रतिसादात होणाऱ्या फरकासाठी आणखी २ धरले जातात. बेरीज २५०. तरीही दोन उत्तरे आदळलीच, तर पुढच्या शांततेत दोघी पुन्हा प्रयत्न करतात, आणि या वेळी त्यांचे अवधी बहुधा वेगळे पडतात.

ओळख पटल्यावर ओएलटी पेटीला एक छोटा क्रमांक देते आणि तिचे अंतर मोजते. उदाहरणादाखल एक गाव ४ किलोमीटरवर आणि दुसरे १८ किलोमीटरवर आहे असे धरू. पहिल्याचा प्रकाश ४० मायक्रोसेकंदांत जाऊन येतो, दुसऱ्याचा १८० मध्ये. ओएलटी पहिल्याला सांगते, दर वेळी १६० मायक्रोसेकंद जास्त थांब. दुसऱ्याला सांगते, २० थांब. आता दोघांचीही फेरी २०० मायक्रोसेकंदांची झाली. जवळचे आणि लांबचे गाव ओएलटीच्या लेखी एकाच अंतरावर, २० किलोमीटरवर आले. त्यानंतर सगळ्यांच्या पाळ्या एकमेकींना न धडकता लागतात. गावातल्या माणसाला एवढेच दिसते की पेटीवरचा लुकलुकणारा हिरवा दिवा स्थिर झाला.

यातली एक बाब प्रत्येक जाळ्याला लागू आहे. पेटी सापडणे आणि पेटीला प्रवेश मिळणे या दोन वेगळ्या पायऱ्या ठेवलेल्या आहेत. सिरीयल नंबर दिसला म्हणजे लगेच इंटरनेट सुरू झाले, असे होऊ द्यायचे की नाही, हे चालवणारा ठरवतो. सहसा तो नंबर आधी मंजूर यादीत असावा लागतो आणि कोणत्या गावाची सेवा त्याला जोडायची, हे माणूस ठरवतो. म्हणूनच गावातला तंत्रज्ञ पेटी बसवली की तालुक्याला फोन करून विचारतो, ‘सिरीयल टाकला का?’

व्यवस्था बसवण्याचा क्रम

समजा तुमच्याकडे एका शिक्षणसंस्थेचे, नगर परिषदेचे किंवा पतसंस्थेच्या शाखांचे जाळे सांभाळण्याचे काम आहे. झॅबिक्स किंवा लिबरएनएमएस यांसारखे मुक्त सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. सॉफ्टवेअर कोणतेही घ्या, कामाचा क्रम बदलत नाही.

आधी पत्त्यांची आखणी करा. प्रत्येक शाखेला वेगळा, ठरलेला पट्टा द्या. उमरखेडला 10.20.1, ढाणकीला 10.20.2, मुळाव्याला 10.20.3 अशी रचना असेल, तर पत्ता पाहताच गाव कळते आणि सॉफ्टवेअरलाही नियम लावता येतो. ही आखणी न करता शोध सुरू केला, तर हाती फक्त आकड्यांचा ढीग येतो.

मग कोणत्या ठिकाणी कोणती वाट, ते ठरवा. स्वतःच्या राउटर-स्विचांसाठी शेजाऱ्याला विचारण्याची वाट घ्या, म्हणजे एलएलडीपी चालू करा आणि एसएनएमपीने विचारा. शाखेतल्या संगणक-कॅमेऱ्यांसाठी लहान पट्ट्यावर पिंग किंवा तिथलाच कोतवाल ठेवा. सिमकार्डावरच्या यंत्रांना स्वतः फोन करू द्या.

त्यानंतर वेळा ठरवा. नवे यंत्र शोधण्याची फेरी आणि सापडलेल्या यंत्राची नाडी पाहण्याची फेरी या वेगळ्या ठेवा. नवी यंत्रे रोज येत नाहीत, त्यामुळे शोधाची फेरी दिवसातून एकदा किंवा काही तासांनी पुरते. नाडी मात्र काही मिनिटांनी पाहावी लागते. दोन्ही एकाच गतीने चालवली, तर आधीच अरुंद असलेली लिंक तपासणीनेच भरते आणि ज्यांच्यासाठी जाळे आहे, त्यांचा सातबारा उघडत नाही.

शेवटी सापडल्यावर काय करायचे, त्याचे नियम लिहा. उत्तर देणारे यंत्र स्विच असेल तर त्याला स्विचांच्या गटात टाका आणि त्याचे पोर्ट तपासा. कॅमेरा असेल तर कॅमेऱ्यांच्या गटात टाका. ओळख न पटलेले यंत्र ‘अनोळखी’ गटात जाऊ द्या आणि तो गट माणसाने रोज पाहावा. यंत्राची ओळख आयपी पत्त्यावरून ठरवू नका, कारण पत्ता बदलतो. सिरीयल नंबर किंवा यंत्राने सांगितलेले नाव धरा. नाहीतर राउटर बंद-चालू झाल्यावर तोच कॅमेरा दुसऱ्यांदा नवा म्हणून नोंदला जातो आणि यादी पुन्हा खोटी होते.

शांततेचा अर्थ

शोधाचा खरा उपयोग यंत्र गप्प झाल्यावर होतो. पावसाळ्यात पैनगंगेला पूर येतो, झाडे तारांवर पडतात, रस्त्याच्या कामात जेसीबीखाली फायबर सापडते. जुलै २०२३ मध्ये शेजारच्या महागाव तालुक्यातला आनंदनगर तांडा पुराने वेढला गेला आणि अडकलेल्या लोकांच्या सुटकेसाठी हवाई दलाची मदत मागवावी लागली. अशा दिवशी कोणत्या गावाचा संपर्क कशामुळे तुटला, हे केंद्रात बसल्या जागी कळणे ही सोयीपलीकडची गोष्ट आहे.

यंत्र गप्प आहे, एवढ्यावरून कारण कळत नाही. म्हणून जीपॉनच्या पेटीत शेवटच्या निरोपाची सोय केलेली आहे. वीज जाताच पेटीत साठलेल्या किंचितशा विजेवर ती क्षणार्धात एक संदेश पाठवते, ‘माझी वीज गेली.’ हा संदेश येऊन पेटी गप्प झाली, तर वीज कंपनीकडे चौकशी करायची. संदेश न येता गप्प झाली, तर धागा तुटल्याची शक्यता जास्त, मग पथक रस्त्यावर पाठवायचे. एमक्यूटीटीमध्ये यंत्र जोडले जातानाच केंद्राकडे आपला अखेरचा निरोप ठेवून देते आणि संपर्क अचानक तुटला की केंद्र तो जाहीर करते. चुकीच्या दिशेने धावलेली एक गाडी आणि वाया गेलेला एक दिवस अशा निरोपाने वाचतो.

दुसरी काळजी साखळीची. तालुक्याहून निघालेली एक लिंक तुटली, तर तिच्यामागची सगळी गावे एकदम गप्प होतात. शेजाऱ्यांच्या माहितीवरून तयार झालेला नकाशा सॉफ्टवेअरकडे असेल, तर ते एकच सूचना देते, ‘अमुक लिंक तुटली.’ नकाशा नसेल, तर शंभर सूचना येतात आणि खरे कारण त्यांत हरवते. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेट कार्यक्रमात सरळ साखळीऐवजी वर्तुळाकार जोडणीचा आग्रह धरला आहे, तो याचसाठी. वर्तुळातला एक दुवा तुटला, तर माहिती उलट्या बाजूने पोचते. हा बदल जाळ्याला स्वतःला कळावा लागतो. म्हणून शेजारी राउटर एकमेकांना काही सेकंदांच्या अंतराने ‘मी आहे’ असे सांगत राहतात आणि उत्तर थांबले की नवी वाट काढतात.

गप्प झालेले यंत्र यादीतून लगेच पुसू नका. आठवडाभर वीज नसलेली ग्रामपंचायत ही बंद पडलेली ग्रामपंचायत नव्हे. ते ‘संपर्काबाहेर’ म्हणून नोंदलेले राहू द्या आणि काढून टाकण्याचा निर्णय माणसाने चौकशी करून घ्यावा.

ओळख पटल्याशिवाय दार उघडू नये

जे तंत्र आपल्याला आपली यंत्रे शोधून देते, तेच चोरालाही शोधून देते. २०१६ मध्ये मिराई या घातक प्रोग्रामने जगभरच्या कॅमेऱ्यांचे आणि राउटरांचे पत्ते अशीच कडी वाजवत धुंडाळले आणि कारखान्यातून आलेले साठेक साधे पासवर्ड वापरून लाखो यंत्रांचा ताबा मिळवला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याच्या एका नव्या रूपाने जर्मनीतल्या डॉइश टेलिकॉमच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांची सेवा विस्कळीत केली. हल्ला ज्या दारावर झाला ते ७५४७ क्रमांकाचे पोर्ट टीआर-०६९ चेच होते. यंत्रांची दूरवरून काळजी घेता यावी म्हणून ठेवलेले दार बाहेरच्या जगाला उघडे राहिले होते.

यातून निघणारे नियम सोपे आहेत. कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. एसएनएमपीच्या जुन्या आवृत्त्यांत ‘पब्लिक’ हाच परवलीचा शब्द सर्रास ठेवलेला असतो, तो बदला आणि शक्य तिथे संदेश कूटबद्ध करणारी तिसरी आवृत्ती वापरा. व्यवस्थापनाची पोर्ट फक्त तुमच्या केंद्राच्या पत्त्यांना उघडी ठेवा. ज्या जाळ्याची जबाबदारी तुमच्याकडे आहे, त्याच जाळ्यात शोध घ्या. दुसऱ्याच्या संगणकात वा जाळ्यात परवानगीशिवाय शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली गुन्हा ठरू शकतो.

सर्वांत मोठा नियम जीपॉनने आधीच शिकवला आहे. शोध यंत्राने घ्यावा, प्रवेश माणसाने द्यावा. सापडलेले प्रत्येक यंत्र आपोआप आपले मानणारे जाळे फार दिवस आपले राहत नाही.

तालुक्यातली लिंक सांभाळणारे हात थोडे असतात आणि त्यांच्या वाट्याला येणारी गावे पुष्कळ. त्या हातांना वही भरत बसण्यातून मोकळे करणे हे या साऱ्या तंत्राचे प्रयोजन आहे. तुमच्याकडे एखाद्या शाळेचे किंवा दोन शाखांचे छोटेसे जाळे असेल, तर या आठवड्यात एवढे करा: पत्त्यांची आखणी कागदावर काढा, एका शाखेच्या पट्ट्यात शोधाची एक फेरी चालवा आणि जे सापडेल ते तुमच्या यादीशी ताडून पाहा. यादीत नसलेले एक तरी यंत्र बहुधा सापडेलच. ते कोणाचे आहे, याची चौकशी त्याच दिवशी करा.